सात महिन्यांचं कारण

"तुमच्या माहितीत सात महिने सापडत नाहीत, मॅम," फोनवरची मुलगी म्हणाली, आणि समोरच्या खुर्चीत बसलेल्या कॅझ वास्कोच्या ओठांवर आलेला 'प' तिथेच विरून गेला.

पेशंट समोर असताना नोरीन गॅफ्नी फोन उचलत नसे. बाप मेला तरी उचलणार नाही, असं ती गमतीने म्हणायची, आणि बापालाही ते ठाऊक होतं. पण आज विमा कंपनीचा नंबर दिसला. कित्येक आठवडे त्यांच्याकडून हूं नाही की चूं नाही, म्हणून हात आपोआप गेला. टेबलावर कॅझच्या स्वतःच्या हत्यारपेटीतला मोठा पाना पडला होता. उन्हाळ्यात आलेल्या अर्धांगाच्या झटक्याने त्याचा उजवा हात नेला होता आणि बहुतेक सगळे शब्द नेले होते. पाना म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, लोखंड ओतायच्या फाउंड्रीत सगळी उमर तेच फिरवण्यात गेली होती. फक्त त्याचं नाव डोक्यातून जिभेपर्यंत येताना वाटेत कुठेतरी अडत होतं. आणि आज ते येत होतं. ओठ मिटले होते, गाल फुगले होते, मानेची शीर ताठली होती. आणखी थोडं थांबलं असतं तर आलंच असतं. "कुठले सात महिने?" नोरीनने विचारलं. हॉस्पिटलची नोकरी सोडल्यापासून शाळेतली नोकरी लागेपर्यंतचे, मुलगी म्हणाली. कामात सहा महिन्यांच्या वर खंड असला की लेखी कारण लागतं. "मी घरी होते." "हो मॅम, पण कारण काय?" "घरी असायला कारण लागतं?" "आमच्याकडे लागतं, मॅम." मुलगी उद्धट असती तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावता तरी आले असते. ती अगदी गोड होती. नोरीनने फोन ठेवला तेव्हा कॅझ डाव्या हाताने पाना पेटीत परत ठेवत होता. आपण होऊन. दुकान बंद करताना ठेवावा तसा. त्या दिवशी तो शब्द आला नाही, आणि संताप नोरीनच्या पोटात जो जाऊन बसला तो पुढे काही हलला नाही.

वास्तविक तिचं काम म्हणजे थांबणं. ईरी गावात स्टेट स्ट्रीटवर चष्म्याच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या, तिथे माणसं गेलेले शब्द शोधायला येत, आणि ती समोर बसून थांबे. शब्द आपण पुरवायचा नाही. पहिलं अक्षरसुद्धा द्यायचं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही, पुढे झुकायचं नाही, चेहऱ्यावर 'हां, हां, येतंय' असलं प्रोत्साहन आणायचं नाही. हॉस्पिटलात हे जमत नव्हतं. तिथे अर्ध्या तासाला एक माणूस, आणि मुख्य बाई दारातून डोकावून सांगायची, "अगं, पहिला आवाज देऊन टाक ना, बाहेर चार जण ताटकळलेत." पहिला आवाज दिला की शब्द येतो, ते खरं. पण तो त्या माणसाचा नसतो, तुमचा असतो. दुसऱ्या दिवशी घरी, बायकोसमोर, तो तुमची वाट बघत बसतो. हे नोरीनने किती वेळा सांगितलं असेल. शेवटी एका गुरुवारी ती गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवून जी निघाली ती थेट घरी. आणि मग ते सात महिने.

काय केलं त्या सात महिन्यांत? काही नाही. लोकांना हे पटत नाही. कोणी मेलं नव्हतं, नवरा तर केव्हाच सुरळीतपणे सोडून गेला होता, आजार नव्हता, दारू नव्हती. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसे. समोर शेजाऱ्याच्या गॅरेजची भिंत. रेडिओ बंद. टोस्ट आणि सूप, सूप आणि टोस्ट. दुपारी गाडी काढून सरोवरावर जायची. किनाऱ्याला बर्फ धरायला लागला होता, आधी नुसता कडेला, मग रोज जरा आत. ते बघत गाडीत बसून राही. बोलायची नाही. क्लीव्हलंडहून बहिणीचा फोन येई, "नोरीन, डॉक्टरला दाखव बाई." काय दाखवायचं? दुःख नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात शब्द कोंबल्यावर तिला आता एकही शब्द नको होता, बस. आणि मग कधीतरी एकदा किराणा दुकानात हॅमच्या काउंटरशी एक म्हातारा उभा होता. हवं ते बोटाने दाखवत होता, बोलता येत नव्हतं, मागे रांगेत लोक चुळबुळत होते, काउंटरवाला "हे का? हे का?" करत होता. नोरीन त्याच्या शेजारी जाऊन नुसती उभी राहिली. थांबली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "पातळ." पातळ काप हवे होते त्याला. पुढच्या आठवड्यात तिने शाळेत मुलांच्या बोलण्यावर काम करायच्या जागेसाठी अर्ज केला, आणि पुढे कधीतरी स्वतःच्या ह्या दोन खोल्या घेतल्या. तिला वाटे, आपण थेरपिस्ट झालो ते कॉलेजात नाही, त्या सात महिन्यांत झालो. आता हे सगळं कुठे लिहायचं? कंपनीच्या त्या चौकटीत जेमतेम दोन ओळी मावत होत्या.

पॅनेलवर नाव असल्याशिवाय विमा कंपनी बिल भरत नाही, आणि पॅनेलवर घेण्याआधी ती तुमची कुंडली मागते. शिक्षण, परवाने, कुणी कधी कोर्टात खेचलं का, खोल्यांचा पत्ता, त्या पत्त्यावर चाकाची खुर्ची चढते का. सगळं त्यांच्या ठरलेल्या साइटवर भरायचं, आणि दर थोड्या महिन्यांनी पुन्हा जाऊन 'हे सर्व अजूनही खरं आहे' हे बटण दाबायचं. विसरलात तर तुम्ही खोटे. नोरीन चार कंपन्यांच्या पॅनेलवर होती. पण फाउंड्रीने आपल्या निवृत्त कामगारांना नव्या वर्षापासून पाचव्याच कंपनीच्या गळ्यात मारलं होतं, आणि कॅझ त्यातला. कॅझसाठी म्हणून तिने अर्ज केला होता. झटक्यानंतरच्या पहिल्या वर्षात जे परत यायचं ते पटापट येतं. नंतर ओढून ओढून. कॅझचं वर्ष चालू होतं.

"अगं, त्यांना खरं नकोय. त्यांना वाक्य हवंय," लॉरेटा म्हणाली. लॉरेटा आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून गावातल्या अर्ध्या दातांच्या डॉक्टरांची असली कागदपत्रं भरून द्यायची, मांडीवर मांजर घेऊन. नोरीनची ती शाळेपासूनची मैत्रीण. "'कौटुंबिक जबाबदारी' लिही आणि मोकळी हो."

"कुठली जबाबदारी? बाबा तेव्हा फ्लोरिडात गोल्फ खेळत होते."

"मग तू त्यांच्या गोल्फची काळजी वाहत होतीस. काय फरक पडतो? सगळे लिहितात. मी स्वतः एका सर्जनच्या नावावर आईचं आजारपण लिहिलंय, त्याच्या आईने कळल्यावर मला केक पाठवला."

"थकले होते म्हणून लिहिते."

"खबरदार. थकवा लिहिलास की ते विचारतील मानसिक का शारीरिक. मग डॉक्टरचं पत्र, मग अजून एक चौकट. तुला चौकटी कमी पडल्यात का?"

नोरीन घरी आली आणि लिहिलं: मला काम करायचं नव्हतं, म्हणून मी काम केलं नाही. खाली 'वरील सर्व सत्य आहे' म्हणून सही होती. सही करायची तर खरं लिहायचं, एवढं साधं गणित. लिहून तिला फार बरं वाटलं. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर काहीतरी मारल्यासारखं. लॉरेटाने ऐकलं तेव्हा ती मांजर खाली ठेवून म्हणाली, "तू बावळट आहेस का गं? आता हे कंपनीच्या समितीकडे जाईल. समिती महिन्यातून एकदा बसते. डिसेंबरात बसतच नाही, सगळे नाताळची टर्की खायला जातात." नोरीन म्हणाली, बसू दे. वाचू दे त्यांना. त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर खरोखरच एक टेबल होतं, सात-आठ शहाणी माणसं होती, त्यातलं एक जण मान वर करून म्हणणार होतं, बरोबर आहे हिचं. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटे.

डिसेंबरात तिने बर्नाडेट वास्कोला सांगून पाहिलं. बर्नाडेट नवऱ्याच्या कोटाची बटणं लावत होती. बुटकी, रुंद बाई, बोटं भराभर चालत होती. "मिसेस वास्को, जानेवारीपासून माझं नाव लागेपर्यंत तुम्ही असेच या. पैशांचं बघू नका."

"नाही पोरी."

"फार तर एक-दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

"प्रश्न महिन्यांचा नाही." बर्नाडेटने वरचं बटण लावलं. "त्या विम्यासाठी हे सगळे एक अख्खा हिवाळा संप करून फाउंड्रीच्या फाटकाबाहेर उभे होते. पिंपात लाकडं जाळून. माझा धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. पगारवाढ सोडली ह्यांनी, म्हातारपणीचा विमा घेतला. आता तुझ्याकडून फुकट घेतलं की त्यांचं फावलं. मग ते म्हणणार, बघा, चालतंय की ह्यांचं. कॅझला हे चालायचं नाही."

"कॅझला विचारलंत?"

"पन्नास वर्षं झाली लग्नाला. मला विचारावं लागत नाही."

नोरीनने मग त्यालाच विचारलं. गुडघ्यावर बसून, नजरेला नजर देऊन, सावकाश: कॅझ, तुम्हाला यायचंय का? आणि थांबली. तो तिच्याकडे बघत राहिला. मान हलवली. पण झटक्यानंतर कॅझची 'हो'ची आणि 'नाही'ची मान एकमेकींत मिसळून गेली होती, हे त्या तिघांनाही ठाऊक होतं. "बघ," बर्नाडेट म्हणाली, आणि त्याला जिन्याशी घेऊन गेली. नोरीनला तेव्हा त्या बाईचा इतका राग आला की तिने खिडकीतून खालीसुद्धा पाहिलं नाही. मान ताठ ठेवायची आणि नवऱ्याची वाचा घालवायची. रात्री अंथरुणात तिला वाटलं, आपण तरी दुसरं काय केलं? एक वाक्य खरं लिहायचा हट्ट. दोघी सारख्याच, फरक एवढाच की बर्नाडेटचा नवरा होता आणि तिचा नुसता पेशंट. मग पुन्हा राग आला, आता कुणाचा ते कळेना. उठून ती पाणी प्यायली.

जानेवारीत कॅझ मॉलच्या रस्त्यावरच्या मोठ्या थेरपी सेंटरला जाऊ लागला. त्यांचं नाव पॅनेलवर होतं, त्यांची नावं सगळ्याच पॅनेलवर असतात. नोरीन कंपनीला फोन करत राहिली. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, बाजा वाजतोय, कृपया थांबा. थांबा! हा शब्द त्यांनी कुठून उचलला? थांबणं तिचं होतं. ती थांबे तेव्हा समोर माणूस असे, घामाने भिजलेला, आणि तिचं थांबणं त्याच्या हाताखाली आधारासारखं असे. इथे पलीकडे कोणी नव्हतंच. बाजा बाजाची वाट बघत होता. मग कोणीतरी नवंच बोले: फाइल समितीकडे आहे, मॅम. समिती बसली का? बसली, मॅम, पण माणसं पुरेशी नव्हती. पुढच्या वेळी? तसंच वाटतं, मॅम. तिने आरडाओरडा केला नाही. सूप करपवलं, पार्किंगची पावती फाडणाऱ्या बाईशी भांडली, बहिणीचा फोन मधेच ठेवला. आणि फेब्रुवारीतल्या एका दुपारी, मिसेस हालोरन नावाच्या शांत बाई 'खिडकी'साठी झटत असताना, नोरीनच्या तोंडून निघून गेलं, "खि..." बाईंनी शब्द पुरा केला आणि आनंदाने हसल्या. नोरीनही हसली. त्या गेल्यावर तिने दार लावलं. ह्या लोकांनी माझं हेही घेतलं, तिला वाटलं, आणि तिने टेबलाला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळं पडलं.

लॉरेटाला फोन करून ती म्हणाली, "लिही तुला काय हवं ते." 'मी म्हणत नव्हते?' असं लॉरेटाने ऐकवलं नाही, तेवढा तिचा चांगुलपणा. जुनं वाक्य काढून नवं लिहिलं गेलं: वडिलांची शुश्रूषा. नोरीनने 'हे सर्व खरं आहे' हे बटण दाबलं. समिती लागलीच नाही. कागद निर्मळ असले तर कंपनीचा एकटा डॉक्टरच सही करतो, तिला 'स्वच्छ फाइल' म्हणतात, असं लॉरेटाने सांगितलं. म्हणजे खऱ्याने फाइल मळली होती आणि खोट्याने धुऊन निघाली. पॅनेलवर नाव एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून, आणि पत्राच्या माथ्यावर लिहिलं होतं, आमच्या कुटुंबात आपलं स्वागत. नोरीन हसत सुटली. मग तिने बर्नाडेटला फोन लावला.

"पोरी, भेटी संपल्या ना," बर्नाडेट म्हणाली. "वर्षाच्या तीस मिळतात. हाताच्या, पायाच्या, बोलण्याच्या, सगळ्या मिळून. त्या सेंटरवाल्यांनी आठवड्याला तीन-तीनदा बोलावलं. आता थेट पुढच्या जानेवारीत."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुला सांगून काय करणार होतीस? तुझं नाव तरी होतं का कुठे?" हे ती दुष्टपणे म्हणाली नाही. मग तिचा आवाज जरा उजळला. "थांब, कॅझला तुझ्याशी बोलायचंय."

फोनवर खरखर झाली. आणि एक तरणाबांड, गुळगुळीत आवाज, जो ईरीतला नव्हता, कुठलाच नव्हता, म्हणाला, "नमस्कार. मी ठीक आहे. तुम्ही कशा आहात?" सेंटरने त्याला टॅब दिला होता. चित्रावर बोट ठेवलं की तो बोलतो. "छान आहे की नाही?" बर्नाडेट मागून म्हणाली. "आता पाणी हवं, टीव्ही लाव, सगळं सांगतो." नोरीन म्हणाली, छान आहे. तिला ते यंत्र खिडकीतून खाली फेकावंसं वाटलं, आणि त्यामागोमाग ते सेंटर, ती समिती, ती गोड मुलगी. पुढच्या जानेवारीला कॅझच्या झटक्याला दीड वर्ष झालेलं असणार होतं. तोवर जीभ आपली जागा विसरून जाणार होती, आणि त्याला ते कळणारही नव्हतं, कारण यंत्र त्याच्यापेक्षा छान बोलत होतं.

शुक्रवारी ती पूर्वेकडच्या पोलिश चर्चच्या तळघरात मासे खायला गेली. ईस्टरच्या आधीच्या उपासांत तिथे दर शुक्रवारी तळलेले मासे असतात, सगळं गाव जातं. मी माशांसाठीच चाललेय, असं तिने स्वतःला बजावलं. ताट हातात घेऊन तिने पाहिलं तर कोपऱ्यातल्या लांब टेबलाशी फाउंड्रीचे म्हातारे बसले होते, मधे कॅझ, शेजारी बर्नाडेट, आणि कॅझच्या ताटाशेजारी टॅब. "या की, बसा," रुडी नावाच्या एका टकल्या माणसाने जागा करून दिली. "तुम्हीच ना त्या आमच्या कॅझला बोलायला शिकवणाऱ्या? आता तर लेकाचा असा बोलतोय, राष्ट्राध्यक्षच जसा काही." सगळे हसले. कॅझही हसला, अर्ध्या तोंडाने. ती बसली. मासा गरम होता, तिला चव लागेना. रुडीने कॅझकडे वळून विचारलं, "सॉस देऊ का रे तुला?" कॅझचा डावा हात टॅबकडे निघाला.

नोरीनने टॅबवर हात ठेवला.

का ठेवला, हे तिने नंतर किती वेळा स्वतःला विचारलं. त्या क्षणी एवढंच होतं की एवढा एक शब्द तो स्वतः बोलू शकतो, हे तिला ठाऊक होतं. कॅझने तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पोरी, काय करतेस?" बर्नाडेट हळूच म्हणाली. नोरीन थांबली. सगळ्या टेबलाच्या लक्षात आलं, काटे खाली गेले. रुडी अवघडून म्हणाला, "हो म्हण की नाही म्हण, हवाय ना सॉस?" आणि नोरीन त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." कॅझचा चेहरा लाल होत चालला. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने तिची बोटं टॅबवरून उचलायचा प्रयत्न केला, तिने उचलू दिली नाहीत. ती दाबून बसली होती, सगळ्या हिवाळ्याचं बळ त्या हातात होतं. त्याचे ओठ हलू लागले. मिटले, उघडले. घशातून काहीतरी वर आलं आणि परत गेलं. तिने पुढे झुकून पाहिलं नाही. थांबली.

"सोड," कॅझ म्हणाला. फुटका, जाड आवाज, त्याचा स्वतःचा. "सोड. माझं. माझं आहे."

तीन शब्द, त्यात क्रियापद, त्यात हुकूम, कोणी पहिला आवाज न देता. मग रुडीने टाळी वाजवली, मग त्याच्या शेजारच्याने, आणि सगळं टेबल टाळ्या वाजवू लागलं, पलीकडच्या टेबलावरची माणसंही काय झालं ते न कळता वाजवू लागली. बर्नाडेटच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तीही वाजवत होती. "बोलला! कॅझ बोलला!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे नोरीन प्रत्येकाच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगे. तो काही पहिलं पाऊल टाकणारं पोर नाही. शब्द आला की काही विशेष घडलंच नाही अशा चेहऱ्याने पुढच्या शब्दाकडे जायचं, नाहीतर माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कॅझने एकदा सगळ्या टेबलावरून नजर फिरवली. एकेक चेहरा पाहिला, ज्यांच्याबरोबर तो फाटकाबाहेर उभा होता ते सगळे. मग त्याने टॅब आपल्याकडे ओढला. तो आता मोकळाच होता. बोट शोधत गेलं, थांबलं, टेकलं.

"मला आता घरी जायचं आहे," गुळगुळीत आवाज म्हणाला. "धन्यवाद."

बर्नाडेटने डोळे पुसले आणि कोट आणायला उठली. टाळ्या एकेक करत थांबत गेल्या. कॅझ नोरीनच्या हातांकडे बघत होता, म्हणून तिनेही खाली पाहिलं. तिचे हात अजून टाळ्या वाजवत होते.